अचूक वैद्यकाचा ऐतिहासिक विचार : जामखेडच्या निमित्ताने

१

वैद्यकशास्त्रात गेल्या दशकभरात ‘अचूक वैद्यक’ ही संज्ञा चांगलीच रूढ झाली आहे. एका नावाच्या रोगाने पीडलेल्या सर्व रुग्णांस एकच उपचार न देता, प्रत्येकाची जनुकरचना, देहस्थिती, आहार, परिसर व पूर्वेतिहास ध्यानी घेऊन ज्यास जो लागू पडेल तोच उपचार योग्य वेळी द्यावा, हा या संज्ञेचा आशय होय. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०११ मध्ये या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला आणि जानेवारी २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी या कल्पनेस शासकीय उपक्रमाचे रूप दिले. तेव्हापासून तिचा बोलबाला जगभर झाला. या वैद्यकाची मुख्य साधने म्हणून दोन गोष्टींचा उल्लेख केला जातो. पहिली, कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे असंख्य नोंदींतून सामान्य रूपे हुडकून काढणारी संगणकाची रीत. आणि दुसरी, जालप्रतिमाने, म्हणजे जनुके, प्रथिने, रोग व औषधे यांच्यातील परस्परसंबंधांचे गणिती जाळे.

ही साधने शास्त्रज्ञांची आहेत. त्यांच्या गुणदोषांची तांत्रिक चर्चा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. इतिहासाच्या अभ्यासकापुढे उभा राहणारा प्रश्न निराळा आहे. एकेका व्यक्तीविषयीचे अचूक ज्ञान वैद्यकाला आजवर कोठून मिळत आले? ते यंत्राने निर्माण केले, की यंत्र येण्यापूर्वीच कोणीतरी, कोठेतरी, घरोघर हिंडून ते गोळा करीत होते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) आग्नेय कोपऱ्यातील, बीड जिल्ह्याच्या सीमेला भिडलेल्या जामखेड तालुक्याचा इतिहास फार उपयोगी पडतो, असे आम्हांस वाटते. जामखेडात ना जनुकांचे वाचन झाले, ना संगणकाने काही भाकीत केले. तरीही ‘नेमके कोणाला, नेमके काय, नेमके केव्हा’ हा अचूक वैद्यकाचा मूळ प्रश्न तेथे १९७० पासून विचारला गेला व पुष्कळ अंशी सोडविला गेला. त्याचा अर्थ नीट लावावयाचा तर आधी मुंबई व पुणे येथील दोन प्रकरणे पाहून मग जामखेडकडे वळणे सोयीचे होईल. कारण अचूकतेच्या शास्त्रीय बाजूचा आपल्या प्रदेशातील इतिहास तेथे घडला आहे.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. व्यक्तिव्यक्तीतील भेद आयुर्वेदाने प्रकृतिविचारात पूर्वीच मांडला होता, तेव्हा नव्या वैद्यकात नवे ते काय, असा आक्षेप आपल्याकडे हमखास घेतला जातो. भेद आहेत हे ओळखणे आणि ते भेद मोजून, पडताळून, चुकल्यास दुरुस्त करता येतील अशा रीतीने नोंदविणे, यांत अंतर आहे. प्रस्तुत लेखाचा संबंध या दुसऱ्या गोष्टीशी आहे.

२

पहिले प्रकरण मुंबईचे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात एका नव्या रक्तलक्षणाची माहिती प्रसिद्ध केली. पुढे ते जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने ओळखले जाऊ लागले. अशा व्यक्तींचे रक्त नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ गटाचे भासते. परंतु ‘ओ’ गटाच्या सर्वसाधारण रक्तपेशींवर ‘एच’ नावाचे जे द्रव्य असते, तेच त्यांच्या पेशींवर नसते. इतकेच नव्हे तर त्या द्रव्याविरुद्धची प्रतिपिंडे त्यांच्या रक्तात असतात. परिणामी, जे ‘ओ’ रक्त इतर सर्वांना निर्धोक मानले जाई, तेच अशा रुग्णाला दिल्यास प्राणघातक ठरू शकते.

या शोधाचे महत्त्व केवळ रक्तशास्त्रापुरते नाही. बहुसंख्यांच्या अनुभवावरून बांधलेला नियम एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत किती भयंकर रीतीने चुकू शकतो, याचा तो वस्तुपाठ आहे. भारतात हा गट सुमारे दहा हजारांत एकाचा असल्याचे सांगितले जाते. सरासरीच्या दृष्टीने इतकी अल्प संख्या उपेक्षणीय होय. परंतु जो रुग्ण समोर रक्ताविना पडला आहे, त्याच्या दृष्टीने ती संख्या म्हणजे सर्वस्व आहे. त्याचा जीव वाचतो तो दोन गोष्टींमुळे. एक, तपासनिसाने एक जास्तीची चाचणी करण्याची तसदी घेणे. आणि दोन, अशा विरळ गटाच्या रक्तदात्यांची नावे व ठावठिकाणे कोणीतरी यादीत टिपून ठेवलेली असणे. शास्त्रीय शोध कितीही मोठा असला तरी ती यादी नसेल तर तो शोध रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचत नाही. ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावी.

३

दुसरे प्रकरण पुण्याचे. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेशी प्रत्यक्ष संबंध असलेले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील (मुंबईच्या याच नावाच्या रुग्णालयाहून हे भिन्न होय) मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासह एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. दोघा लेखकांचे छायाचित्र त्यात होते. शरीरभार निर्देशांक, म्हणजे वजनास उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या, दोघांचाही २२.३ असा अगदी सारखा होता. मात्र शरीरातील चरबी मोजली असता युडकिन यांच्या देहात ती ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के भरली. युरोपीय देहांवरून ठरविलेले मोजमाप भारतीय देहास लावले म्हणजे कसे फसवे ठरते, हे शेकडो पृष्ठांच्या प्रबंधाने जितके पटले नसते तितके या एका छायाचित्राने पटवून दिले.

या निष्कर्षामागे मोठी खटपट होती. १९९३ मध्ये पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गर्भवतींच्या पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. गर्भधारणेपूर्वीपासून माहिती हवी होती. म्हणून कार्यकर्त्या महिन्यामहिन्याला विवाहित स्त्रियांच्या घरी जात व मासिक पाळीच्या तारखा विचारून टिपून घेत. पुढे जी मुले जन्मली त्यांचे वजन, लांबी, कातडीखालील चरबीची जाडी अशी अनेक मापे घेतली गेली. त्या मुलांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होते. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या मुलांचे सुमारे ३.५ किलो. परंतु स्नायू व अवयव लहान असूनही या भारतीय बालकांच्या कातडीखालील चरबी त्या मानाने घटलेली नव्हती. दिसावयास कृश, पण चरबीच्या दृष्टीने स्थूल, असे हे बालक. आणि पुढील आयुष्यातील मधुमेहाचे बीज त्याच्या देहात जन्मतःच पडलेले असावे, असा तर्क त्यावरून मांडण्यात आला.

आता संगणकाच्या वर्गीकरणाकडे येऊ. २०१८ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी प्रौढ वयात जडणाऱ्या मधुमेहाचे पाच उपप्रकार पाडले. निदानसमयीचे वय, शरीरभार निर्देशांक, साखरेची दीर्घकालीन पातळी, इन्सुलिन निर्माण करण्याची क्षमता, इन्सुलिनला देहाकडून होणारा विरोध व एक विशिष्ट प्रतिपिंड, अशी सहा लक्षणे त्यांनी संगणकाला पुरविली. रुग्णांचे गट कोणते, हे त्याला आधी सांगितले नव्हते. जे रुग्ण परस्परांच्या निकट पडतात त्यांचे पुंजके त्यानेच करावयाचे होते. या पद्धतीच्या मुळाशी ‘अंतर’ ही कल्पना आहे: अनेक लक्षणांचा एकत्र विचार केला असता दोन माणसे एकमेकांपासून किती दूर? येथे सांगण्याजोगे आहे की, अनेक मापांचे असे एकत्रित अंतर काढण्याचे एक प्रसिद्ध सूत्र प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडले, आणि तेही मानवी देहांच्या मोजमापांच्या अभ्यासातून. महाराष्ट्रातही इरावती कर्वे व वि. म. दांडेकर यांनी येथील जनसमूहांच्या देहमापनाचा ग्रंथ १९५१ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध केला होता. मापे गोळा करून त्यांतून माणसांचे गट पाडण्याचा उद्योग आपल्याकडे नवा नव्हे, आणि असे गट सावधपणे वापरावयाचे असतात, हा त्या काळचा धडाही जुना आहे.

तीच वर्गीकरणाची रीत पुण्यातील रुग्णांना लावली तेव्हा चित्र पालटले. पंचेचाळीस वर्षे वयाच्या आत मधुमेह जडलेल्या रुग्णांचा हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये तरुण वयातील अशा रुग्णांत स्थूलतेशी निगडित प्रकार अधिक आढळतो. पुण्यात मात्र इन्सुलिनच्या तीव्र न्यूनतेचा प्रकार सर्वांत मोठा निघाला. उपचाराच्या दृष्टीने हा भेद क्षुल्लक नव्हे. ज्याच्या देहात इन्सुलिनच अपुरे तयार होते, त्यास केवळ वजन उतरविण्याचा उपदेश करून भागणार नाही. तसेच, पहिल्या प्रकारचा मधुमेह ओळखण्यासाठी युरोपीय जनुकांवरून बेतलेला जोखीम-अंक पुण्याच्या रुग्णांवर पडताळून पाहिला असता तो उपयोगी ठरला, परंतु युरोपीयांत दिसते तितकी त्याची भेद पाडण्याची शक्ती येथे दिसली नाही, असे २०२० मध्ये आढळून आले. यात नवल नाही. जनुक व रोग यांचा संबंध शोधणाऱ्या जगभरच्या अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, असे २०१९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मधील एका लेखाने दाखवून दिले होते. आपल्या देशातील दहा हजारांहून अधिक व्यक्तींच्या जनुकसंचांचे वाचन करणारा ‘जीनोमइंडिया’ प्रकल्प २०२० मध्ये सुरू झाला व त्याची सामग्री जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली करण्यात आली, तो ही उणीव भरून काढण्याचाच यत्न होय.

पुण्याच्या या प्रकरणातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. संगणकाची रीत स्वीडनची असो वा पुण्याची, ती एकच होती. उत्तर बदलले ते सामग्री बदलल्यामुळे. आणि देहांविषयीची ही नवी समज घडली ती, ज्या कार्यकर्त्या दरमहा उंबरठ्यावर बसून स्त्रियांशी बोलत, त्यांच्या चिकाटीच्या बळावर.

४

आता जालप्रतिमानांचा विचार करू. जाळ्यात गाठी असतात व गाठींना जोडणारे धागे असतात. पेशीतील प्रत्येक प्रथिन ही एक गाठ मानावी. दोन प्रथिने एकमेकांशी संयोग पावत असतील तर त्यांच्यामध्ये धागा ओढावा. असे हजारो गाठींचे जाळे तयार केले म्हणजे एखाद्या रोगाशी संबंधित जनुके जाळ्यात इतस्ततः विखुरलेली नसून बहुधा एका मोहल्ल्यात वसलेली असतात, असे दिसून येते. दोन रोगांचे मोहल्ले एकमेकांत शिरलेले असतील तर त्या रोगांत नाते असण्याचा संभव असतो. आणि एका रोगावरचे औषध त्या मोहल्ल्याच्या निकट पोचत असेल तर ते दुसऱ्यावरही चालेल काय, हे तपासता येते. २००७ मध्ये रोगांचे असे एक जाळे प्रसिद्ध झाले व २०११ मध्ये आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि सहकारी यांनी ‘जाल-वैद्यक’ या नावाने ही दृष्टी सविस्तर मांडली. रोग म्हणजे एका जनुकातील एक बिघाड, ही सोपी समजूत तिने मोडून काढली, हे तिचे मोठे श्रेय होय.

परंतु वैद्यकात ‘जाळे’ हा शब्द त्यापूर्वीच अवतरला होता. साथरोगशास्त्राच्या १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाठ्यग्रंथात मॅकमहॉन व सहकाऱ्यांनी रोगाच्या ‘कारणांच्या जाळ्या’ची कल्पना मांडली: रोगाला एकच कारण नसून अनेक कारणे परस्परांत गुंतलेली असतात. पुढे १९९४ मध्ये नॅन्सी क्रीगर यांनी त्यावर मार्मिक प्रश्न केला की, जाळे तर सर्वांना दिसते. पण ते विणणारा कोळी कोणी पाहिला आहे काय? म्हणजे, गरिबी, विषमता, सत्ता या ज्या शक्तींनी हे धागे विणले, त्यांचा विचार कोण करणार? रेणूंचे जाळे माणसाच्या कातडीशी येऊन संपते. कातडीबाहेर जे जाळे पसरलेले आहे, त्याचा धडा घेण्यासाठी आता जामखेडला जावे लागेल.

५

डॉ. रजनीकांत आरोळे हे याच जिल्ह्याचे. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे व डॉ. मेबल यांचे शिक्षण झाले. १९६० मध्ये ती दोघे विवाहबद्ध झाली. नंतर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना त्यांना आढळून आले की, ज्या आजारांवर आपण उपचार करतो ते बहुतांशी टाळता येण्याजोगे आहेत, आणि बरा होऊन गेलेला रुग्ण त्याच दुखण्याने पुन्हा परत येतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतल्यावर १९७० मध्ये त्यांनी जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प स्थापन केला.

प्रारंभीची योजना रूढ पद्धतीचीच होती. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात ठेवावयाच्या. ती फसली. बाहेरून आलेल्या, शिकलेल्या, बहुधा तरुण मुलीस खेड्याने आपले मानले नाही. तेव्हा गावानेच निवडलेल्या, गावातच नांदणाऱ्या स्त्रीस आरोग्यसेविका करण्याचा मार्ग पुढे आला. यांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या. कित्येक दलित समाजातील होत्या. त्या ठराविक दिवशी जामखेडला येत, शिकत, आणि शिकलेले गावात जाऊन सांगत व करीत: गर्भवतीची देखभाल, बाळंतपण, बालकांची वजने, हगवणीवर मीठ-साखरेचे पाणी, क्षय व कुष्ठरोग यांची ओळख.

सुरुवातीची वर्षे महाराष्ट्रातील मोठ्या दुष्काळाची होती. लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हतीच. ती अन्नाची व पाण्याची होती. प्रकल्पाने मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकाची व्यवस्था केली, विंधणविहिरी खणल्या, आणि त्यांतील पुष्कळशा दलित वस्त्यांत खणल्या, जेणेकरून पाण्याच्या निमित्ताने सर्वांनी तेथे यावे. शेतकरी मंडळे व महिला मंडळे उभी राहिली. आज जालप्रतिमानाच्या भाषेत बोलावयाचे तर आरोळे दांपत्याने असे म्हटले असते: बालमृत्यू ही एक गाठ, तीस दूषित पाणी, कोरडी विहीर, जातीची शीव, सासुरवाशिणीचे मौन, लवकर झालेला विवाह व उपाशी गर्भारपण यांचे धागे जोडलेले आहेत, तेव्हा औषधाच्या एका धाग्यास ओढून जाळे सैल होणार नाही. या कार्याचे वर्णन जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या ग्रंथात आले. १९७८ च्या आल्मा-आता परिषदेपूर्वी प्राथमिक आरोग्यसेवेचा जो विचार जगात घडत होता, त्यात जामखेडचा असा वाटा आहे. १९७९ मध्ये उभयतांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

परिणामांची नोंद करावयाची तर, प्रकल्पाच्या गावांत १९७१ मध्ये दर हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत, असे प्रकल्पाचे आकडे सांगतात. १९९० च्या दशकात ते प्रमाण ३० च्या खाली आले. अर्थात याच काळात सबंध महाराष्ट्रातही बालमृत्यू घटत होते. तेव्हा सर्व श्रेय प्रकल्पास देणे इतिहासदृष्ट्या योग्य होणार नाही. या आक्षेपाचे अंशतः निराकरण २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासाने केले आहे. प्रकल्पाची गावे व त्याच परिसरातील इतर गावे यांची तुलना करता, नवजात अवस्थेनंतर पाच वर्षांच्या आत मृत्यू येण्याचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात दिसून आले.

आमच्या विषयाच्या दृष्टीने जामखेडचे खरे मर्म मात्र या आकड्यांत नसून, ते ज्ञान ज्या रीतीने निर्माण झाले त्या रीतीत आहे. गावच्या सेविकेस कोणती सून गर्भार आहे, कोणाचे मूल गेल्या महिन्यापेक्षा हलके झाले, कोणाच्या पाठीवर बधिर चट्टा उमटला आहे आणि तो कोण लपवीत आहे, हे ठाऊक असे. रुग्णालयाच्या कागदावर ‘स्त्री, वय २२’ एवढेच लिहिले जाते; सेविकेच्या लेखी मात्र ती अमुक घरची, तिसऱ्या खेपेची, पहिली दोन बाळंतपणे अवघड गेलेली, अशी एक संपूर्ण व्यक्ती होती. रोगाचे भाकीत ती करीतच होती. फक्त ते गणिताने नव्हे, तर परिचयाने. आणि लपविलेली गोष्ट तिला सांगितली जाई याचे कारण तिची विद्या नव्हे. तिच्यावरील विश्वास होय.

६

येथवरच्या विवेचनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. परिचयाने मिळणारे ज्ञान थोड्या गावांपुरते पुरते. जिल्ह्याची, राज्याची लोकसंख्या मोठी, तज्ज्ञ डॉक्टर थोडे. तेथे यंत्राचे साहाय्य नाकारून कसे चालेल? शिवाय सेविकेस साखरेची पातळी डोळ्यांनी दिसत नाही, की जनुकातील दोष ओळखता येत नाही. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. क्षयरोगाच्या प्राथमिक तपासणीसाठी पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या छातीची क्ष-किरण चित्रे वाचण्याचे काम संगणकाकडून करून घेण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अनुमती दिली आहे. आणि जेथे असे चित्र वाचणारा तज्ज्ञ उपलब्ध नाही, तेथे त्याचा उपयोग निःसंशय होईल. प्रश्न यंत्र हवे की नको, असा नाहीच. यंत्र कोणत्या नोंदींवरून शिकणार, हा खरा प्रश्न आहे.

याचे एक उद्बोधक उदाहरण अमेरिकेतील आहे. पुढील काळात कोणत्या रुग्णांस विशेष देखभाल लागेल हे ठरविण्यासाठी तेथे एक संगणकीय प्रणाली मोठ्या प्रमाणावर वापरात होती. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ओबरमेयर व सहकारी यांनी दाखवून दिले की, ही प्रणाली आजाराचे भाकीत न करता उपचारावरील खर्चाचे भाकीत करीत होती. कृष्णवर्णीय रुग्णांवर, ते तितकेच आजारी असूनही, खर्च कमी होई; म्हणून यंत्राने त्यांना अधिक निरोगी मानले. ही चूक दुरुस्त केली असती तर जादा साहाय्यास पात्र ठरणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते. यंत्र खोटे बोलले नाही. त्याला जे शिकविले ते त्याने इमानाने शिकून घेतले. नोंदच पक्षपाती होती.

हीच गोष्ट नगर जिल्ह्यास लावून पाहावी. पाथर्डी, जामखेड आदी दुष्काळी भागांतून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. दिवाळीच्या सुमारास ती निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्या अवधीत गर्भार स्त्रीची तपासणी, बालकाची लस, क्षयरोग्याच्या गोळ्या यांची नोंद कोठे होते? गावच्या वहीत ‘स्थलांतरित’ एवढा शेरा पडतो. कारखान्याच्या परिसरात ती परकी असते. याच जिल्ह्यात प्रवरानगर येथे १९५० मध्ये सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला व लोणी येथे पुढे मोठे वैद्यकीय शिक्षणकेंद्र उभे राहिले. एकाच जिल्ह्यात बागाईत व जिराईत, रुग्णालयाच्या सान्निध्यात असलेले व नोंदीतून निसटणारे, असे दोन समाज नांदतात. केवळ रुग्णालयांच्या कागदांवरून शिकलेले यंत्र पहिल्या समाजाविषयी अचूक होईल आणि दुसऱ्याविषयी मौन पाळील. आणि ते मौन ‘धोका नाही’ असे वाचले जाईल, हे त्यातील खरे भय आहे.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले व ‘आशा’ या नावाने गावोगावच्या स्त्रियांची आरोग्यसेविका म्हणून नेमणूक होऊ लागली. जामखेडच्या कल्पनेशी या योजनेचे नाते उघड आहे. २०२१ मध्ये देशव्यापी अंकीय आरोग्य अभियान आले व प्रत्येकास चौदा आकडी आरोग्य-क्रमांक देण्याची व्यवस्था झाली. या क्रमांकामागे साठणारी गावपातळीवरची माहिती बव्हंशी याच स्त्रियांच्या हातून यावयाची आहे. या दोन व्यवस्थांचा मेळ कसा बसतो यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. सेविका घरात शिरल्यावर तिचे लक्ष माणसाकडे राहील की हातातील यंत्राच्या रकान्यांकडे? मानधनावर राबणारी स्त्री महिन्याच्या अखेरीस रकाने भरावयाचे म्हणून भरू लागली, तर जाळ्याचे धागे खोटे पडतील व त्यावर उभारलेले प्रतिमानही खोटे पडेल. आणखी एक गोष्ट अशी की, विश्वासाने सांगितलेली माहिती आता सेविकेच्या हाती न राहता दूरवर जाते. व्यक्तिगत अंकीय माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. परंतु चट्टा दाखविणाऱ्या बाईने तो आपल्या गावच्या सेविकेला दाखविला होता, अज्ञात भांडाराला नव्हे, हा नैतिक भेद केवळ कायद्याने मिटणारा नाही.

७

सारांश, मुंबईच्या रक्तगटाचे प्रकरण सांगते की सरासरीचा नियम व्यक्तीचा जीव घेऊ शकतो आणि तिला वाचविण्यास यादी लागते. पुण्याचे प्रकरण सांगते की एकच यंत्र निराळ्या सामग्रीवर निराळे सत्य दाखविते. जामखेड सांगते की अशी सामग्री आपोआप साठत नाही. ज्याच्याविषयी ती आहे त्याने ती देण्याइतका विश्वास टाकावा लागतो. अचूकतेचे मूळ नोंदीत आहे आणि नोंदीचे मूळ माणसामाणसांतील नात्यात आहे.

मात्र जामखेडला अचूक वैद्यकाचा आद्य प्रयोग म्हणून मिरविणे हा इतिहासाचा विपर्यास होईल. तेथील ध्येय निराळे होते, साधने निराळी होती. आणि जनुकीय व्याधींपुढे ती साधने अपुरीच ठरली असती. जामखेडचा उपयोग आदर्श म्हणून नसून कसोटी म्हणून आहे. कोणतेही नवे प्रतिमान या जिल्ह्यात आणले जाईल तेव्हा त्यास एवढेच विचारावे: सत्तरच्या दशकात त्या निरक्षर सेविकेस जी सून, जे मूल, जो कुष्ठरोगी ठाऊक होता, तो तुझ्या जाळ्यात आहे काय?

इतिहासाच्या विद्यार्थ्यांस यात एक कार्यक्षेत्र मोकळे आहे. आरोग्याच्या नोंदी कशा जन्मास आल्या, कोणी लिहिल्या, कोणत्या रकान्यासाठी लिहिल्या, आणि कोण त्यांतून वगळले गेले, याची चिकित्सा म्हणजे साधनचिकित्साच होय. बखरीचे वा दफ्तराचे प्रामाण्य तपासण्याची जी शिस्त आपण शिकतो, तीच शिस्त संगणकाच्या सामग्रीस लावावयाची आहे. हे काम गणितज्ञ व वैद्य यांच्या बरोबरीने करावयास हवे आणि ते लवकर हाती घ्यावयास हवे. कारण जामखेडच्या पहिल्या पिढीतील ज्या सेविकांच्या स्मरणात हे ज्ञान साठले आहे, त्या आता वृद्ध झाल्या आहेत.